न सोडलेला खडा

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

आक्का,

तिळगूळ मिळाला. डब्यावर तुम्ही चिठ्ठी चिकटवली आहे, ‘गोड बोल’. म्हणून आधीच सांगते, हे पत्र गोड नाही.

फोनच करणार होते. पण तुमच्या घरचा फोन म्हणजे चावडीवरचा रेडिओ. तुमचा पृथ्वीराज स्पीकर लावतो, सून चहा टाकता टाकता ऐकते, आणि मी मुद्द्यावर आले की तुम्ही रडायला लागता. तुम्ही रडलात की मी गप्प होते. गेल्या चैत्रापासून असंच चाललं आहे. तुम्ही कागलच्या शाळेत शिकलात. लग्न होऊन मुधोळकडे गेलात, कन्नड बोलायला लागलात, पण वाचता अजून मराठीच. म्हणून लिहिते आहे. हे एकटीनं वाचा.

तुमचा भाऊ तुमच्या घरी वारला. मला जे सांगण्यात आलं ते मी जसंच्या तसं लिहून काढते, चुकलं तर दुरुस्त करा. डोंगरावरच्या आईच्या यात्रेला म्हणून हे तुमच्याकडे आले. रात्री भाकरी आणि आमटी जेवले. बाहेरच्या खोलीत झोपले. सकाळी तुम्ही चहा घेऊन उठवायला गेलात तर अंग गार पडलं होतं. तुमचा फोन मला उजाडता उजाडता आला, आणि तुम्ही म्हणालात, “हंबीर झोपेतच गेला गं.” मी आणि आमची राजनंदिनी मिळेल ती गाडी करून निघालो. निपाणीच्या पुढे असताना पृथ्वीराजचा फोन आला, ऊन वाढतंय, ठेवता येणार नाही, अग्नी देतोय. आम्ही पोचलो तेव्हा पुरुष माणसं अंघोळी करून परत येत होती. मला घाटावर जाऊ दिलं नाही, बायकांनी धरून घरात बसवलं. मला ह्यांचं तोंड बघायला मिळालं नाही.

उन्हाळ्यात ठेवता येत नाही हे मलाही कळतं. पण बर्फ मिळतो. मुधोळात मिळतो, मी चौकशी केली आहे. चार तासांची वाट. माणूस चार तास थांबतो.

आता चष्म्याचं. ह्यांची पिशवी तुम्ही बांधून दिलीत त्यात सगळं होतं. धोतरजोडी, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या, दाढीचं सामान, घड्याळ. चष्मा नव्हता. मी तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याच्या डोळ्यावरच होता, त्याच्याबरोबरच गेला. मी त्या वेळी मान डोलावली, कारण त्या दिवशी मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती.

चष्मा लावून कोण झोपतं आक्का? ह्यांना झोपताना चष्मा उशाला नाही, थेट कपाटावर ठेवायची सवय होती. एकदा अंगाखाली मोडला होता, तेव्हापासून. त्यावरून मी किती बोलले होते ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तेव्हा इथेच होतात आणि भावाची बाजू घेत होतात.

मला एवढंच सांगा. अग्नी नक्की कुठे दिला?

क्रांती


राजारामपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं असतं. तुम्ही फोन केलात, आणि पुन्हा स्पीकरवर. तरी जे बोललात ते मी नीट ऐकलं. पहिलं म्हणजे, “पुस्तकं वाचून तुझं डोकं फिरलंय.” हे तुम्ही माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून म्हणता, त्यामुळे त्यात नवीन काही नाही. दुसरं, “घाटावरच की दिला अग्नी, नदीच्या काठाला. पृथ्वीराजनं खडा बी तिथलाच उचलला.”

त्या खड्याबद्दलच लिहायचं आहे.

ज्या खड्यानं पृथ्वीराजनं चितेभोवती फिरताना मडक्याला भोकं पाडली, तो खडा त्यानं फडक्यात बांधून कोल्हापूरला आणला. जीव त्यात असतो म्हणतात. दहा दिवस त्याच्यावर पाणी घातलं, तीळ वाहिले. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर भटजी म्हणाले, आता सोडा. मी म्हटलं, एकदा माझ्या हातात द्या. पृथ्वीराजनं दिला. मी ओंजळ पाण्यात बुडवली आणि सोडला.

तो नव्हता सोडला. घाटाच्या पायरीवरून उचललेला एक काळा दगड माझ्या मुठीत होता, तो सोडला. ह्यांचा खडा माझ्या कमरेला, पिशवीत. तोंड दाखवलं नाहीत, मग एवढं तरी माझ्याजवळ राहू दे, असा विचार होता. विचार कसला, तेव्हा हातच पुढे गेला. खडा तेव्हापासून घरात आहे, ज्या डब्यात ह्यांची भिंगं आणि मोजपट्ट्या असायच्या त्यात.

तुम्ही आता तोंडावर पदर घेतला असेल. जीव अडकून राहतो, घरात आजार येतो, मुलीचं वाईट होतं. राजनंदिनी पुण्यात बरी आहे. मला सर्दीसुद्धा झालेली नाही.

तर, हा खडा मी इतके महिने बघते आहे. आधी फक्त बघायची. मग वाटलं, हा आपल्याकडचा नाही. आपल्या कोल्हापुरात कुठेही खणा, काळा दगडच लागतो. ज्वालामुखीचा रस थिजून झालेला, एकसारखा. हा तांबूस आहे, आणि ओला केला की आत वेगवेगळे तुकडे दिसतात. वाचनालयातून खडकांवरचं एक पुस्तक आणलं. ते आधी कुणी उघडलेलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. शब्द अवघड होते. एकेक पान दोन-तीनदा वाचलं.

त्यात गाळाच्या खडकांचं प्रकरण आहे. त्यात दोन खडक शेजारी शेजारी दिले आहेत, एक पिंडाश्म आणि दुसरा कोणाश्म. दोन्ही मोडतोडीतूनच होतात. आधी कुठला तरी जुना खडक फुटतो, त्याचे तुकडे साठतात, मध्ये वाळू-माती भरते, पाण्यातला चुना किंवा लोखंडाचा अंश त्यांना धरून ठेवतो, वरून वजन येतं, आणि आपल्या मोजण्यापलीकडच्या काळानं सगळ्याचा मिळून पुन्हा दगड होतो. इथवर दोघांचं सारखं.

फरक तुकड्यांचा. पिंडाश्मातले तुकडे गोल असतात, गोट्यांसारखे. कारण ते लांबून आलेले असतात. नदीनं त्यांना घासत, आपटत, लोळवत आणलेलं असतं, कोपरे वाटेत झिजलेले असतात, आणि जिथे पाण्याचा जोर संपला तिथे ते बसलेले असतात. अख्ख्या शेंगदाण्यांची चिक्की असते तसा दिसतो. कोणाश्मातले तुकडे कोनदार, धारेचे. कारण ते कुठे गेलेलेच नसतात. कड्यावरून सुटले, पायथ्याशी पडले, पडले तिथंच साठले आणि तिथंच एकमेकांना चिकटले. फुटक्या कपाच्या ठिकऱ्या गुळात थापल्यासारखा तो दिसतो.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण ह्यांनी जन्मभर दुसरं काही सांगितलंच नाही. तुम्हाला वाटायचं फौंड्रीतला माणूस म्हणजे लोखंडाचा माणूस. हे वाळूचे होते. कामावरून आले की खिशात साच्याची वाळू. भिंगाखाली मला दाखवायचे, ही बघ नदीची, दाणा गोल, साच्यात सळसळत जाते, पण लवकर ढासळते. आणि ही बघ फोडलेल्या दगडाची, दाणा कोनदार, एकात एक अडकते, लवकर सुटत नाही. मी म्हणायची, तुमच्या बहिणीसारखी. हसायचे.

त्याच भिंगाखाली मी खडा धरला. आत पांढरे, राखाडी तुकडे आहेत. एकही गोल नाही. सगळ्यांना कोपरे आहेत, काहींना तर सुरीसारखी धार. हा कोणाश्म आहे आक्का.

नदीकाठी गोल गोटे असतात. पृथ्वीराजनं खडा नदीकाठचा उचलला म्हणता, आणि खडा तर आहे कड्याखालचा. मग तुम्ही मला काय सांगत आहात? झोपेत गेले म्हणता, आणि चष्मा डोळ्यावर. घाटावर म्हणता, आणि खडा कोनदार. एक गोष्ट चुकली असती तर विसरलात असं समजले असते. दोन जमत नाहीत म्हणजे कुणीतरी बसून जुळवलं आहे.

डोंगराच्या पायथ्याशी काय झालं, ते मला वर्षश्राद्धाच्या आत कळलं पाहिजे.

क्रांती


राजारामपुरी, कोल्हापूर
२३ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पृथ्वीराज येऊन गेला. तुम्ही पाठवलेलं तूप आणि ज्वारी मिळाली. तो जेवला नाही, मी आग्रह केला नाही. त्याचा मफलर इथंच राहिला आहे.

आज याहून जास्त लिहीत नाही.

क्रांती


राजारामपुरी, कोल्हापूर
१६ मार्च २०२५

आक्का,

तीन आठवडे झाले. तुम्ही रोज फोन केलात आणि मी उचलला नाही. राग आहे, पण म्हणून नाही. काय विचारायचं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे. आधी पृथ्वीराज इथे काय बोलला ते लिहिते, म्हणजे त्यानं तुम्हाला घरी जाऊन काय सांगितलं त्याच्याशी तुम्ही ताडून बघू शकाल. माझा आता कुणाच्याच एका सांगण्यावर विश्वास राहिलेला नाही, तुमचाही ठेवायला नको.

तो आला तेव्हा खाली क्लासची पोरं सुटली होती, जिन्यात गर्दी, त्याला वर यायला वेळ लागला. आला तो ह्यांच्या खुर्चीत बसला नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं विचारलं. मग तूप कुठल्या म्हशीचं ते सांगितलं. मी म्हटलं, म्हशीचं नाव सांगायला तू मुधोळहून आलेला नाहीस.

तेव्हा म्हणाला, “मामी, तुमास्नी डोंगराचं कुणी सांगितलं?”

मला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त खड्यावरून अंदाजानं लिहिलं होतं. त्यानं विचारलं त्या क्षणी मला कळलं की डोंगर खरंच आहे, आणि तिथे काहीतरी झालं आहे. मी चहाचं निमित्त करून उठले, त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून. स्वयंपाकघरातून म्हटलं, “दगडानं.”

मी चहा घेऊन आले तोवर त्यानं मफलर काढून बाजूला ठेवला होता. मग म्हणाला, “आईबी तेच म्हणाली. क्रांतीला खडा बोलला, आता लपवून काय उपेग.”

आक्का, खडा बोलला नव्हता. तुमच्या पोरानं सांगितलं. पण मी त्याला तसं भासू दिलं नाही, आणि तो सांगत गेला.

तो म्हणाला, यात्रेच्या आदल्या दिवशी तुम्हाला देवीला नैवेद्य न्यायचा होता. गुडघ्यांमुळे तुमच्यानं पायथ्याच्या पुढे जाववेना. हे म्हणाले, तू इथं बस, मी जाऊन येतो. तुम्ही खाली लिंबाच्या झाडाखाली बसलात. हे वर गेले, नारळ फोडला, ऊन उतरता उतरता खाली यायला लागले. वाट सोडून जवळून उतरले, जिथे सुट्या दगडांचा उतार आहे. पाय सरकला आणि तोंडावर पडले. तुमच्या डोळ्यांसमोर.

मग गावातल्या कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, पोलिसांना कळलं की पंचनामा, मग चिरफाड, दोन दिवस माणूस मिळायचा नाही. म्हणून झोपेत गेला. म्हणून उजाडेपर्यंत मला फोन नाही. म्हणून घाई.

मी विचारलं, “आणि मला तोंड का दाखवलं नाहीस?”

तो म्हणाला, “तोंड बघण्यासारखं न्हवतं मामी. आई म्हणाली, क्रांतीच्या डोळ्यापुढं तेच ऱ्हाईल.”

मी त्याला काही बोलले नाही, कारण तो तुमचं ऐकून वागला. तुम्हाला बोलते. ते तोंड माझं होतं. तापात घामेजलेलं बघितलं, भट्टीच्या झळीनं भाजून सोललेलं बघितलं, दात काढून आल्यावर सुजलेलं बघून हसले. जसं झालं होतं तसं मी बघितलं असतं. तुम्ही मला त्याच्यापासून वाचवलं नाहीत, तुम्ही एकटीनं बघितलंत आणि एकटीनं ठेवून घेतलंत. आता माझ्या डोळ्यापुढे काय असतं ते सांगू? काहीच नसतं. रोज नवीन काहीतरी दिसतं, आणि मी घडवलेलं त्या दिवशीच्या खऱ्यापेक्षा वाईटच असणार. तुम्ही माझ्यासाठी केलंत म्हणता. मला शंका आहे की ते तुमच्यासाठीच केलंत. नैवेद्य तुमचा होता. मी ते तोंड बघून तुमच्याकडे बघितलं असतं, तर तुम्हाला सोसलं नसतं.

हे कठोर आहे. खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

पृथ्वीराज गेल्यावर मी डबा उघडला. त्यानं शपथेवर सांगितलं होतं की अग्नी घाटावरच दिला आणि खडा त्यानं स्वतः पाण्याच्या कडेनं उचलला, ओला होता. बाकी इतकं सांगून टाकलेल्या माणसाला त्यात खोटं बोलायचं कारण नव्हतं. मग खडा कोनदार कसा? मी पुन्हा पुस्तक काढलं. माझी चूक त्याच पानाच्या मागे होती, चिकटलेल्या पानात. मी ते पान नीट सोडवलंच नव्हतं.

तिथे लिहिलं आहे की तुकड्यांचे कोपरे फक्त एवढंच सांगतात, की खडक घडला तेव्हा ते तुकडे जवळचेच होते. पुढे त्या खडकाचं काय झालं ते तुकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी बाहेरून बघावं लागतं. मी आतलं भिंगानं बघत बसले आणि बाहेरून कधी हात फिरवला नाही. खरं तर रोज फिरवत होते, पण बघितलं नव्हतं. बाहेरून तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आहे. आतले तुकडे तसेच धारेचे, आणि कड मात्र सगळीकडून घासून गेलेली. म्हणजे कधीकाळी कड्याखाली पडला, तिथंच जुळून दगड झाला, मग पुन्हा सुटला, आणि नदीनं त्याला लोळवत तुमच्या घाटापर्यंत आणला. पृथ्वीराज खरं बोलत होता. खडा घाटावरचाच.

त्या एका बाबतीत मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तो मागे घेते.

पण बघा कसं आहे. माझा तर्क चुकला आणि चुकीच्या तर्कानं खरं दार उघडलं. मी ‘डोंगराचा पायथा’ लिहिलं ते दगडावरून, तुम्ही वाचलंत ते भावाबद्दल. तुम्हाला निजानीज झाल्यावर कधीतरी वाटत असेल की मी तेव्हा काही लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. मला तसं वाटत नाही.

आता शेवटचं, आणि हे पत्र ह्याच्यासाठी आहे.

पृथ्वीराज म्हणाला, “मामा जागीच गेला.” हे म्हणताना तो माझ्याकडे नाही, स्टीलच्या पेल्याकडे बघत होता. मग त्याला वाटलं असेल, बाईला धीर द्यावा. म्हणून म्हणाला, “आई बाजूलाच हुती की. तिनं मांडीवर डोकं घेतलं. पाणी प्याला मामा.”

मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात, ते मला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांच्या तोंडात तुम्हीच घातलं होतंत, मी तुळस धरली होती. घातलेलं पाणी ओठांच्या कडेनं खाली येतं. मेलेलं माणूस पाणी पीत नाही आक्का.

बोलून गेल्यावर त्याच्याही ते लक्षात आलं असावं. पेला खाली ठेवला, गाडी चुकेल म्हणाला, आणि उठला. मफलर त्यामुळेच राहिला.

मला तेव्हापासून वेगवेगळे विचार येतात, आणि सगळे चांगले नाहीत. किती वेळ जिवंत होते? दवाखान्याच्या गाडीला फोन केला होतात का, की आधी गावातल्या शहाण्याला विचारत बसलात? दवाखाना किती लांब? घरात जीप आहे, ती त्या दिवशी कुठे होती? मी तुम्हाला ओळखते, तुम्ही भावाला तसंच ठेवणाऱ्यातल्या नाही. हे मी माझ्या मनाला सांगते. मन म्हणतं, झोपेत गेला हेही तिनंच सांगितलं होतं.

आणि पाणी प्यायलेला माणूस बोलतो. ह्यांच्यासारखा माणूस तर बोलणारच, चहा प्यायल्यावर सुद्धा ‘हां’ म्हणायची सवय. काय म्हणाले? माझं नाव घेतलं का, हे विचारायला मला लाज वाटते, पण विचारते. घेतलं नसेल तरी चालेल. वाळूबद्दल काही बोलले असतील, नारळाबद्दल, तुमच्या गुडघ्यांबद्दल. शिवी दिली असेल. जे असेल ते माझं आहे. तुम्ही वर्षभर ते सांभाळलंत, आता परत करा.

चैत्री पौर्णिमेच्या आधी मी येते. राजनंदिनीला आणत नाही, तिला हे अजून सांगितलेलं नाही. वर्षश्राद्धाचं तुम्ही तुमच्या घरी करायचं म्हणत होतात, त्याचं नंतर बघू. आधी मला तो डोंगर दाखवा. लिंबाचं झाड दाखवा. सुट्या दगडांचा तो उतार मला हातानं चाचपायचा आहे. मी वर चढणार नाही, काळजी करू नका. तिथले दगड कोनदार असणार, ते मला आताच माहीत आहे, तरी बघणार.

चष्मा तुमच्या कपाटात आहे, पृथ्वीराजच्या तोंडून तेही निघालं. एक काच नाही म्हणाला. असू दे. तो काढून ठेवा. पुसू नका.

मग आपण दोघी घाटावर जाऊ. ह्या वेळी मला कुणी धरून बसवायचं नाही. तुमचे गुडघे, माझी कंबर, उतरू हळूहळू. पाण्याशी गेल्यावर खडा मी तुमच्या हातात देईन. आधी सांगा, मग सोडा. काही बोलले नसतील तर तेही सांगा, मी सोसेन. फक्त माझ्यासाठी नवीन काही रचू नका. तुम्ही गोड करून सांगायला लागलात की तुमचा आवाज बारीक होतो, तो मला इतक्या वर्षांत पाठ झाला आहे.

तसा झाला, तर मी तुमची मूठ उघडून खडा परत घेईन आणि संध्याकाळच्या गाडीनं कोल्हापूरला येईन. माझ्याकडे त्याला डबा आहे.

क्रांती